नकाशा हिरवागार, मग सोयाबीनचा उतारा कुठे गेला?

नमस्कार. तुमचा प्रश्न मला समजला तो असा. औसा तालुक्यात चार एकर सोयाबीन, वाण जेएस 335, पेरणी 22 जूनची. 24 ऑगस्टला मोबाइलवरच्या उपग्रह-नकाशात सगळं रान गडद हिरवं होतं, एनडीव्हीआय (पानांच्या हिरवेपणाचा निर्देशांक) 0.84. शेजाऱ्याचं रानही तसंच, 0.85. त्यानंतर पावसाने जवळपास तीन आठवडे ओढ दिली. रास झाल्यावर तुम्हाला एकरी साडेपाच क्विंटल पडले, शेजाऱ्याला आठ. वाण तोच, पेरणीत दोन दिवसांचा फरक, खतही सारखंच. नकाशा चुकला का, आणि तीन किलोमीटरवरच्या हवामान केंद्राची आकडेवारी घेऊन एखादं पीकवाढीचं मॉडेल (पिकाच्या वाढीचा हिशेब करणारी संगणकीय मांडणी) चालवलं असतं तर हे आधी कळलं असतं का, असं तुम्ही विचारलंय.

नकाशा चुकलेला नाही. 24 ऑगस्टला तुमच्या रानात पानं भरपूर होती, एवढंच तो सांगत होता. त्या दिवशी पीक 63 दिवसांचं होतं. जेएस 335 साधारण 95 ते 100 दिवसांत येतं, म्हणजे शेंगा लागून दाणे भरायला नुकती सुरुवात झालेली. उतारा, म्हणजे एकरी उत्पादन, त्याच्या पुढच्या तीन आठवड्यांत ठरला, आणि तो ठरवणारी गोष्ट जमिनीच्या पोटात होती. ती वरून काढलेल्या चित्रात दिसत नाही. हवामानाची आकडेवारी आणि जमिनीची खोली एकत्र मांडली तर दिसते. त्यामुळे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर "हो, बऱ्याच अंशी कळलं असतं" असं आहे. फक्त ते कशावर अवलंबून आहे हे आधी सांगतो.

मी तुमचं रान पाहिलेलं नाही. जमीन किती खोल आहे, झाडांची संख्या किती होती, खोड पोखरणारी खोडमाशी किंवा चक्रीभुंगा किती लागला होता, हे मला माहीत नाही. एकरी अडीच क्विंटलचा फरक यातल्या कशानेही पडू शकतो. म्हणून मॉडेलकडे जाण्याआधी एक काम करा. तुमच्या पोत्यातले शंभर दाणे आणि शेजाऱ्याच्या पोत्यातले शंभर दाणे सोनाराकडच्या किंवा कृषी सेवा केंद्रातल्या बारीक वजनकाट्यावर तोला. तीन-तीन वेळा, वेगवेगळ्या पोत्यांतून. जेएस 335 चं शंभर दाण्यांचं वजन चांगल्या हंगामात 11-12 ग्रॅमच्या आसपास येतं. तुमचं 8-9 आणि शेजाऱ्याचं 11 आलं, तर घट दाणे भरताना झाली. दोन्ही वजनं सारखी निघाली, तर तुमच्याकडे शेंगाच कमी होत्या किंवा झाडंच कमी होती. मग दोष फुलोऱ्यातला, उगवणीतला नाहीतर किडीचा.

याचं गणित साधं आहे. एका चौरस मीटरमधली झाडं, दर झाडाच्या शेंगा, दर शेंगेतले दाणे आणि एका दाण्याचं वजन यांचा गुणाकार म्हणजे उतारा. समजा 30 झाडं, 25 शेंगा, 2 दाणे आणि शंभर दाण्यांचं वजन 9 ग्रॅम. चौरस मीटरला 135 ग्रॅम झाले, म्हणजे एकरी साधारण साडेपाच क्विंटल. यातला कोणता आकडा घसरला हे कळल्याशिवाय "हवामानाने मारलं" असं म्हणता येत नाही. आता झाडं कापून झाली असतील, पण धसकटं असतील तर अजूनही एक मीटर लांबीच्या ओळीत मोजता येतात. दोन-चार धसकटं उभी चिरूनही बघा. आत लालसर बोगदा दिसला तर खोडमाशी होऊन गेलेली आहे.

पुढचं सगळं मी फरक दाण्याच्या वजनात निघेल असं धरून लिहितोय, कारण तुम्ही सांगितलेल्या तारखा त्याच दिशेने बोट दाखवतात.

एनडीव्हीआय मोजतो काय ते पाहू. हिरवं पान लाल प्रकाश शोषतं आणि डोळ्यांना न दिसणारा निकट-अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात परत फेकतं. त्या दोन परावर्तनांची वजाबाकी भागिले बेरीज म्हणजे हा निर्देशांक. उघड्या काळ्या रानावर तो 0.1-0.2 येतो, पीक वाढेल तसा चढत जातो. अडचण अशी की जमिनीवर पानांचे साधारण तीन थर झाले की आकडा जवळपास थांबतो. पुढे पानांचे पाच थर झाले तरी 0.84 चा 0.87 होतो, यापलीकडे फारसं काही नाही. ओळी मिटलेलं सोयाबीन म्हणजे नेमकी हीच अवस्था. त्यामुळे 0.84 आणि 0.85 या दोन आकड्यांत वाचण्यासारखं काही नव्हतं. शिवाय पाण्याचा ताण पडला म्हणून पान लगेच हिरवेपणा सोडत नाही. ते आधी आपली रंध्रं मिटतं, दुपारी उलटून पांढुरकी बाजू वर करतं, अन्न तयार करणं कमी करतं. पिवळं पडणं आणि गळणं त्याच्यानंतर. चित्रात ताण दिसतो तेव्हा बरंचसं नुकसान होऊन गेलेलं असतं.

तुमच्याकडच्या रानाच्या आकाराचाही प्रश्न आहे. मोफत मिळणारी चित्रं बहुतेक युरोपच्या सेंटिनेल-2 उपग्रहांची असतात. त्यात एक ठिपका 10 मीटर बाय 10 मीटरचा. मराठवाड्यात वाटण्या होऊन रानं लांबट पट्ट्यांची झालीत. तुमचे चार एकर 40 मीटर रुंद आणि 400 मीटर लांब असतील, तर रुंदीत चारच ठिपके बसतात. कडेचे दोन बांधावरचं गवत, बाभळी आणि शेजाऱ्याचं रान मिसळून घेतात. भरवशाचे मधले दोन. काही अ‍ॅप "अधिक चांगला निर्देशांक" म्हणून एनडीआरई दाखवतात. दाट पिकात तो खरोखरच जास्त बोलका आहे, पण त्यासाठी लागणारा रेड-एज पट्टा (लाल आणि निकट-अवरक्त यांच्या मधल्या प्रकाशाचा) 20 मीटरच्या ठिपक्यात येतो. तुमच्या रुंदीत असे दोनच बसतात आणि दोन्ही कडेचे. अशा पट्टीवर त्यावरून निर्णय घेऊ नका. अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहाचं उष्णतेचं चित्र मुळात 100 मीटरचं, ते तर सोडूनच द्या.

मग चित्राचा उपयोग काय? भरपूर आहे, पण एका तारखेच्या चित्राचा नाही. पेरणीपासून काढणीपर्यंतच्या सगळ्या तारखांचे आकडे एका रेषेवर मांडा आणि त्यात दोन तारखा शोधा : रान 0.7 च्या वर कधी गेलं, आणि परत 0.6 च्या खाली कधी आलं. या दोन तारखांमधलं अंतर म्हणजे पिकाने ऊन किती दिवस पूर्ण अंगावर घेतलं त्याचा अंदाज. जॉन माँटिथ या ब्रिटिश शास्त्रज्ञाने 1977 साली मांडून दाखवलं की पिकाचं एकूण सुकं वजन त्याने अडवलेल्या सूर्यप्रकाशाच्या प्रमाणात वाढतं. आजची पीक-मॉडेलं त्याच विचारावर किंवा त्याच्या जवळच्या विचारांवर उभी आहेत. माझा अंदाज असा की शेजाऱ्याची रेषा तुमच्यापेक्षा आठवडाभर उशिरा खाली आली असेल. तुमच्या अ‍ॅपमध्ये सप्टेंबरच्या तारखा उघडून हे आजच तपासता येईल.

तपासताना एक काळजी घ्या. सेंटिनेल-2 दर पाच दिवसांनी आपल्यावरून जातो, पण जुलै-ऑगस्टमध्ये ढगांमुळे महिन्यात एक-दोन चित्रं स्वच्छ मिळाली तरी पुष्कळ. कित्येक अ‍ॅप मधल्या तारखा अंदाजाने भरतात आणि गुळगुळीत रेष दाखवतात. प्रत्यक्ष चित्राच्या तारखा कोणत्या, हे अ‍ॅपवाल्याला विचारा. सांगता येत नसेल तर त्या रेषेवर विसंबू नका. विरळ ढग आणि ढगाची सावली या दोन्हींनी आकडा फसवा येतो. जुलैमध्ये आकड्यात एकाएकी आलेली घसरण बहुतेक वेळा ढगाची असते, रोगाची नव्हे.

आता हवामानाकडे येतो, कारण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथे आहे.

महसूल मंडळाच्या पातळीवर राज्यात दोन हजारांहून जास्त स्वयंचलित केंद्रं महावेध प्रकल्पात उभी राहिली आहेत. तीन किलोमीटरवरचं केंद्र तापमानासाठी, आर्द्रतेसाठी आणि वाऱ्यासाठी पुरेसं आहे. सपाट मुलुखात तीन किलोमीटरने तापमान फारसं बदलत नाही. सूर्यप्रकाशाची नोंद तिथे नसेल किंवा तुटक असेल तर नासाच्या पॉवर या संकेतस्थळावरून रोजचे आकडे फुकट मिळतात. ते मोठ्या चौकोनाची सरासरी असतात, पण एवढ्या कामाला चालतात. पाऊस मात्र उसना घेऊ नका. आपल्याकडचा वळवासारखा सरींचा पाऊस एका शिवारात पडतो आणि ओढ्यापलीकडे कोरडं ठेवतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. रानात स्वतःचा साधा पर्जन्यमापक लावा, झाडापासून आणि शेडपासून लांब, आणि रोज सकाळी साडेआठला मोजून वहीत लिहा. सगळ्या यंत्रणेत हीच नोंद मी सर्वांत मोलाची मानतो.

ही वही हातात आली की पाण्याचा जमाखर्च मांडता येतो. तुमच्या रानाचं आणि शेजाऱ्याच्या रानाचं उदाहरण घेऊ. जमिनीची खोली मी गृहीत धरतोय, ती तुम्ही तपासायची आहे.

काळी जमीन दर 10 सेंटिमीटर खोलीला पिकाला वापरता येईल असं साधारण 15 मिलिमीटर पाणी धरते. समजा तुमच्याकडे 45 सेंटिमीटरवर मुरूम लागतो. मुळांच्या वाट्याला साधारण 67 मिमी. शेजाऱ्याकडे मीटरभर काळी असेल तर 150 मिमी. 23-24 ऑगस्टच्या पावसाने दोन्ही रानं भरली असं धरू. त्या दिवसांत उघडीप असताना संदर्भ बाष्पोत्सर्जन (जमिनीतून आणि झाडांतून हवेत जाणाऱ्या पाण्याचं प्रमाण माप) रोज साडेचार मिमीच्या आसपास असतं, आणि पूर्ण झाकलेल्या सोयाबीनसाठी ते 1.15 ने गुणायचं. 1998 सालच्या जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या पुस्तिकेतला, म्हणजे सर्रास वापरला जाणारा, हा गुणांक आहे. म्हणजे रोजचा खर्च 5 मिमी. सोयाबीन साठ्यातलं निम्मं पाणी बिनत्रास उचलतं, त्यानंतर ताण सुरू होतो. तुमचं निम्मं म्हणजे 33 मिमी, ते सहा-सात दिवसांत, 30-31 ऑगस्टला संपलं. शेजाऱ्याचं निम्मं 75 मिमी, ते पंधरा दिवसांनी, 8 सप्टेंबरच्या सुमारास. पाऊस परत आला 13-14 सप्टेंबरला. तुमच्या पिकाने दाणे भरण्याच्या काळात दोन आठवडे ताण काढला, शेजाऱ्याच्या पिकाने पाच-सहा दिवस. 24 ऑगस्टच्या चित्रात मात्र दोघंही सारखेच हिरवे.

2023 चा ऑगस्ट आठवा. देशात 1901 पासूनच्या नोंदींत इतका कोरडा ऑगस्ट झालेला नाही. त्या हंगामात एकाच गावात, एकाच वाणाच्या रानांत, खोलीनुसार उताऱ्यातलं अंतर असंच पडलेलं मी पाहिलं आहे. म्हणूनच मला कोणी "कोणतं अ‍ॅप घेऊ" असं विचारलं की मी आधी विचारतो, रानात खड्डा कधी घेतला होता? तीन ठिकाणी, वरच्या अंगाला, मध्ये आणि खालच्या अंगाला, पहार किंवा माती-गिरमिट घालून मुरूम किती खोलीवर लागतो ते मोजा. हा आकडा एकदाच काढायचा आणि जन्मभर वापरायचा.

पावसाचा प्रत्येक मिलिमीटर जमा धरू नका. तासाभरात 60 मिमी कोसळला तर त्यातला बराचसा वाहून जातो. साठा भरला की वरचं पाणी जमेत येत नाही. उलट पाणी साचून राहणारं चिबड रान असेल तर ते मुळांना गुदमरवतं, आणि हा जमाखर्च ते दाखवत नाही.

मॉडेलबद्दल. वर केलं ते मॉडेलच आहे, फक्त कागदावरचं. पहिल्या हंगामात मी एवढंच करायला सांगेन. त्यापुढे जायचं असेल तर अ‍ॅक्वाक्रॉपने सुरुवात करा. तेही अन्न व कृषी संघटनेचंच, मोफत. त्याला लागणारी माहिती मोजकी आहे, आणि पिकाची वाढ ते "जमीन किती टक्के झाकली" या भाषेत मोजतं. ही टक्केवारी तुम्ही फोनने काढू शकता. छातीच्या उंचीवरून फोन आडवा धरून सरळ खाली फोटो घ्या, दर आठवड्याला त्याच चार खुणेच्या जागी, सकाळी किंवा ढगाळ उजेडात. हिरव्या ठिपक्यांची टक्केवारी काढून देणारी कॅनोपिओसारखी अ‍ॅप आहेत. कोळपणी-खुरपणी झाल्यावर फोटो घ्या, नाहीतर तणही पिकात मोजलं जातं. ओळी मिटेपर्यंतच्या काळात, म्हणजे ढगांमुळे उपग्रह आंधळा असतो नेमक्या त्याच दिवसांत, हे फोटो कोणत्याही उपग्रहापेक्षा खात्रीचे.

डीएसएसएटी या पीक-मॉडेलांच्या संचातलं क्रॉपग्रो हे सोयाबीनसाठी जास्त सखोल आहे. फुलं, शेंगा, दाणे यांचा हिशेब ते वेगळा ठेवतं आणि दिवसाच्या लांबीचा परिणामही धरतं. पण त्याला वाणाचे गुणांक, म्हणजे त्या वाणाच्या वाढीची चाल सांगणारे आकडे, लागतात. जेएस 335 वर पुष्कळ काम झालंय. नव्या वाणांसाठी गुणांक स्वतः बसवावे लागतात आणि त्याला दोन-तीन हंगामांच्या नीट नोंदी हव्यात. विद्यापीठात काम करणाऱ्याने जरूर वापरावं. चार एकरांच्या निर्णयासाठी मला ते आवश्यक वाटत नाही.

कोणतंही मॉडेल घेतलंत तरी बसवण्याचा क्रम सोडू नका. पेरणीची तारीख, जमिनीची खोली, झाडांची संख्या आणि प्रत्यक्ष पाऊस, हे आधी खरे भरायचे. मग फुलोऱ्याची तारीख जुळते का पाहायचं. मग झाकलेल्या जमिनीची टक्केवारी. उतारा सगळ्यांत शेवटी. पुष्कळ जण उलटं करतात : मिळालेला उतारा जुळेपर्यंत आतले आकडे फिरवत बसतात. तसं जुळवलेलं मॉडेल पुढच्या हंगामात काहीच सांगत नाही. आणि सगळं खरं भरूनही मॉडेलने आठ क्विंटल दाखवले आणि पडले साडेपाच, तर तो फरक किडीचा, तणाचा, नाहीतर अन्नद्रव्यांचा असतो. शोध कुठे घ्यायचा हे त्यातून कळतं.

तर आधी कळलं असतं का? जमाखर्च चालू असता तर 28-29 ऑगस्टलाच दिसलं असतं की दोन-तीन दिवसांत निम्मी रेषा ओलांडणार. हवामान विभागाची जिल्ह्याची कृषी-सल्ला पत्रिका मंगळवारी आणि शुक्रवारी येते. तिच्यात पुढचे पाच दिवस कोरडे असते तर तुषार सिंचन लावायची ती वेळ होती. 30 मिमीचं एक संरक्षित पाणी म्हणजे एकरी साधारण सव्वा लाख लिटर, आणि त्याने तुमच्या रानाला सहा दिवस मिळाले असते. विहिरीत किंवा शेततळ्यात चार एकरांचं पाणी नसेल तर वरच्या मुरमाड अंगाला ते आधी द्यायचं, कारण खालच्या खोल भागाकडे अजून साठा असतो. खात्री करून घ्यायची असेल तर उघडिपीच्या दिवशी दुपारी एक-दोनच्या दरम्यान साध्या इन्फ्रारेड थर्मामीटरने पानांचं तापमान बघा, माती न येईल असं तिरकं धरून. पाणी पीत असलेलं पीक हवेपेक्षा थंड असतं. हवेइतकं किंवा जास्त गरम निघालं तर ताण सुरू झालेला आहे, पान हिरवं दिसत असलं तरी.

पाणीच नसेल तर हा हिशेब त्या हंगामात पीक वाचवत नाही. तो पुढच्या पेरणीला कामी येतो. 45 सेंटिमीटरच्या रानात रुंद वरंबा-सरीवर पेरणी, कमी दिवसांचं वाण, किंवा त्या अंगाला तुरीची ओळ वाढवणं, हे निर्णय खोलीच्या आकड्यावर घ्यायचे असतात.

डिग्री-डेजबद्दलही, म्हणजे रोजच्या तापमानाच्या बेरजेबद्दलही, तुम्ही ओझरतं विचारलंय. खरिपात मराठवाड्याचं सरासरी तापमान फार हलत नाही, त्यामुळे सोयाबीनसाठी तापमानाची बेरीज आणि साधे दिवस यांत थोडाच फरक पडतो. तिथे दिवसाची लांबी जास्त महत्त्वाची. पेरणी जुलैच्या दुसऱ्या आठवड्यावर गेली की हे पीक लवकर फुलावर येतं आणि काया लहान राहते. रब्बीत मात्र उलट. हरभरा थंडीत हळू चालतो आणि फेब्रुवारीत ऊन तापलं की दाणे घाईने भरून संपवतो. तिथे ही बेरीज नेमाने ठेवा.

आणि त्याच रानात आता हरभरा करणार असाल तर जमाखर्च पेरणीच्या दिवसापासूनच सुरू करा. पेरणीवेळी ओल किती खोल आहे ते गिरमिटाने बघून तोच आकडा सुरुवातीची शिल्लक म्हणून लिहा. शंभर दाण्यांची वजनं, तिन्ही खड्ड्यांची खोली आणि सप्टेंबरमधल्या स्वच्छ चित्रांच्या तारखा-आकडे इथेच टाका. मग दोन्ही रानांचा हिशेब दिवसवार मांडून देतो.